कपाळावरची पिवळी पूड

सान फेलिसियानो
रविवार, ४ फेब्रुवारी १९६८

कुका ताई,

तू बरी आहेस असं धरून चालते, कारण तू बरी नसलीस तर मी हे सांगू कोणाला. मी तिसरीपर्यंतच शिकले ते तुला माहीत आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण हसू नकोस.

ताई, मला भीती वाटते. नीकोची.

परवा कांदेलारियाचा सण. मी ओसरीत तामालसाठी मक्याचं पीठ मळत होते आणि नीको वाशाला बांधलेल्या झोळीत पडून पाय नाचवत होता. आणि तो आला. फूलचोख्या. अंगठ्याएवढा, हिरवा, फुलापुढं हवेत उभा राहून लांब चोचीनं मध चोखतो ना, तो. पण फुलाकडं नाही गेला. सरळ झोळीकडं आला आणि नीकोच्या तोंडापासून वीतभर लांब थांबला. उडत नव्हता ताई, उभा होता. पंखांची नुसती घरघर. नीको त्याच्याकडं बघतोय, तो नीकोकडं बघतोय. मग त्यानं टोपीच्या गोंड्याला चोच लावली, मग कपाळाला डोकं घासलं. माझे हात पिठात. मग तो गेला.

मी जवळ जाऊन बघते तर नीकोच्या कपाळावर पिवळी पूड. कोणी बोटानं लावावी तशी.

मी सासूबाईंना दाखवलं. तुला माहीत आहे त्या कशा आहेत, भांडं उतू गेलं तर भांड्याला शिव्या घालतात. त्या काही बोलल्या नाहीत. चुलीतली राख थुंकीनं ओली केली, पिवळं पुसून काढलं आणि आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती.

त्या दिवशी तो तीनदा आला. काल दोनदा. आज चर्चमधून मिसाहून आलो तर परत कपाळ पिवळं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मेलितोनलासुद्धा नाही. माझी रोसाउरा चाळीस दिवसांची होऊन गेली, त्या सकाळी फूलचोख्या स्वयंपाकघरात शिरला होता. चुलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बाहेर. दुपारपर्यंत ती गेली होती. गेलेल्यांचे निरोप तोच आणतो हे तर आपण लहानपणापासून ऐकतोय. आता मला सांग, माझी पोर भावाला बोलावतेय का?

नीकोला सातवा महिना चालू आहे. दृष्ट लागू नये म्हणून लाल टोपी सासूबाईंनीच विणलीय, मनगटाला लाल दोराही आहे. तरी हा येतो. आई आपल्याला पांगाऱ्याच्या लाल बिया बांधायची ना? त्या बांधल्यावर आपल्याला कधी काही झालं नाही. इथं झाडांना आता नुसती फुलं आहेत, बिया पावसाळ्याशिवाय यायच्या नाहीत. तुझ्या रोपवाटिकेत साठवणीच्या असतील. पाठव. लवकर पाठव. मेलितोन किनाऱ्याला ऊसतोडीवर आहे, ईस्टरशिवाय येत नाही. मी एकटी आहे. सासूबाई आहेत, पण मी एकटी आहे.

तुझी,
एर्लिंदा


आत्लिस्को
मंगळवार, १३ फेब्रुवारी

लिंदा,

हसले नाही. अक्षर तुझं माझ्यापेक्षा बरं आहे, मी तर कुंड्यांवर नावं लिहून लिहून तिरकी लिहायला लागलेय.

आधी बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

माळ पाठवतेय, या पाकिटातच आहे, दाबून बघ. एकवीस बिया मोजून. कोठारातल्या पोत्यातून मी एकेक निवडून घेतली, सगळ्या लालभडक, एकीला डाग नाही. दाभण तापवून भोकं पाडली, माझं बोट भाजलं त्याचं पुण्य नीकोला. लाल रेशमी दोऱ्यात ओवली आणि रविवारी पाद्रींच्या हातून पाणी शिंपडून घेतलं. पाद्री मला अजून पूर्ण नावानंच हाक मारतात, म्हणाले, "रेफुखिओ, हे देवाचं काम आहे का तुमच्या डोंगरातलं?" मी म्हटलं, "फादर, सहा महिन्यांच्या पोराला दोन्ही लागतं."

गळ्यात घालू नकोस, गुंतेल. मनगटाला दोन वेढे देऊन बांध. घट्ट बांध, हरवू देऊ नकोस. दिवसरात्र राहू दे.

आणि पक्ष्याचं म्हणशील तर इथं आमच्याकडं दिवसभर असतात ते. माझ्या अंबाड्यातल्या लाल रिबिनीला येऊन टोचतात मेले. मी काही मेले नाही अजून. उलट गेल्या वर्षापेक्षा मोठा घागरा लागतो.

सासूबाई बोलत नाहीत म्हणतेस, हे मात्र ऐकून मला खरंच काळजी वाटली. त्यांना गवती चहा दे.

रोसाउराचं तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. एवढं मनात घेऊन पाच वर्षं कशी राहिलीस गं.

तुझी ताई,
कुका


सान फेलिसियानो
बुधवार, २८ फेब्रुवारी

ताई,

माळ गेल्या गुरुवारच्या ट्रकनं आली. लगेच बांधली. बांधताना तीनदा देवमायचं नाव घेतलं. पण ताई, तो आता जास्त येतो.

आधी दोनतीनदा यायचा, आता मोजता येत नाही इतका. आणि आता दोघं आहेत. एक टोपीकडं, एक मनगटाकडं, माळेला चोच लावतो. दोघं एकमेकांना हुसकून लावतात, नीकोच्या तोंडावर भांडतात. जणू कोण नेणार म्हणून.

मी काय केलं नाही सांग. माझ्या लग्नातला लाल परकर फाडून झोळीला आतून लावला. लाल रिबीन बांधली चारही दोऱ्यांना. पायात लाल मोजे घातले. सासूबाईंनी मिरच्यांची माळ झोळीवर टांगली. पोर आता तोंड सोडलं तर सगळं लाल आहे. तरी येतात. सासूबाई म्हणाल्या, "याला काही अडवणार नाही. जे बोलावणं असतं ते असतं." मी म्हटलं, "तुम्ही असं बोलू नका." तर म्हणाल्या, "मी बोलत नव्हते तेव्हा तुला बोलायला हवं होतं. आता बोलते तर नको."

कोपऱ्यावरचा मार्सियाल आला होता. तो हे पक्षी डिंक लावून धरतो, वाळवतो, लाल दोऱ्यात गुंडाळून बाजारात विकतो, नवरा परत यावा म्हणून बायका घेतात. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडं तर दुकानच आहे. दोन काठ्या लावू द्या झोळीशेजारी." मी हाकललं. पोराच्या नावानं आलेल्याला मारून आणखी काय ओढवून घेऊ.

एक बरं आहे, तुझी माळ नीकोला फार आवडलीय. दात येतायत ना, हिरड्या शिवशिवतात, दिवसभर मनगट तोंडात. चोखतो, चावतो. दोन बियांचा लाल रंगसुद्धा गेला आणि एक फुटलीय. आधी किती रडायचा, आता रडत नाही. झोपतो. सारखा झोपतो. डोळे पूर्ण मिटत नाही, अर्धे उघडे ठेवतो आणि मी हाक मारली तर हळूच बघतो. सासूबाई म्हणतात माळेनं शांत झाला.

पण काल अंघोळ घालताना मान धरत नव्हता. चौथ्या महिन्यातच धरायला लागलेला. मी दोनदा बघितलं. पाण्यामुळं असेल.

आज राखेचा बुधवार. पाद्रींनी नीकोच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. घरी येईपर्यंत त्यावर पिवळी पूड होती.

सासूबाईंनी पेटीतून रोसाउरासाठी शिवलेला दुसरा पांढरा झगा काढून उन्हात टाकलाय, पहिला तिच्याबरोबर मातीत गेला. म्हणे कसर लागेल.

ताई, तुला कोणी माहीतगार असेल तर विचार. मला उत्तर लिही. ट्रक गुरुवारीच येतो हे लक्षात ठेव.

एर्लिंदा


आत्लिस्को
सोमवार, ४ मार्च

लिंदा,

पत्र आज दुपारी मिळालं आणि आजच लिहितेय, म्हणजे गुरुवारच्या ट्रकला पोचेल. घाईत आहे, ऐक.

आबुंदियो काकांना विचारलं. आमचे म्हातारे माळी, पन्नास वर्षं झाडांत काढली, माणसांशी कमी बोलतात आणि कुंड्यांशी जास्त. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. अर्ध्यात त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांब पोरी. लेकराला काय काय घातलंय ते परत वाच." मी वाचलं. टोपी, मोजे, परकर, रिबीन, मिरच्या. तर म्हातारा हसत सुटला, मला राग आला. मी म्हटलं, "काका, तिचं आधीचं एक गेलंय." मग मला धरून बागेत घेऊन गेले.

तिथं पांगारा फुललाय. एक पान नाही आणि सगळं झाड लाल. त्यांनी एक फूल तोडून हातात दिलं. म्हणाले, वास घे. घेतला, वास नाही. म्हणाले, मधमाशीच्या फुलाला वास असतो आणि बसायला ओटा असतो. याला बघ, नळीसारखं लांब, बसायला कुठं जागा आहे का? कारण याचं गिऱ्हाईक बसतच नाही, हवेत उभं राहून जेवतं. मधमाशीला लाल नीट दिसत नाही, ती पुढं जाते. फूलचोख्याला वास कळत नाही, त्याला डोळेच. लाल दिसलं की त्याला वाटतं जेवण. मध इतका खोल ठेवलेला असतो की डोकं फुलात घातल्याशिवाय मिळत नाही, आणि डोकं घातलं की कपाळाला पूड लागते. ती पूड घेऊन तो पुढच्या फुलात डोकं घालतो, तेव्हा त्या फुलाला बी धरतं. झाडाला पाय नाहीत ना, म्हणून ते त्याला जेवू घालतं आणि आपलं काम करून घेतं.

ती पिवळी पूड, लिंदा. ती फुलाची पूड आहे. त्यानं नीकोला फूल समजून कपाळाला टिळा लावलाय, बस. कोणी खूण केलेली नाही.

काका म्हणाले, हे दिवस कोरडे, पांगारा सोडून दुसरं काही फुलत नाही, त्यामुळं तो जे लाल दिसेल ते तपासून बघतो. काकांचा लाल रुमाल तपासतो, नळाची लाल चावी तपासतो, एकदा ट्रकच्या मागच्या दिव्याला चोच मारत होता. आणि तू काय केलंस? भीती वाटली की एक लाल बांधलं, तो आला, आणखी बांधलं. पोराचा पांगारा करून ठेवलास तू.

मला माहीत आहे तुझा विश्वास बसणार नाही. लहानपणी पण बसायचा नाही, शेणात पाय घालून बघायचीस. म्हणून हे कर. पोराचं सगळं लाल काढ. सगळं. माझी माळसुद्धा. पांढरं घाल. आणि ते लाल सगळं अंगणापलीकडं कुंपणावर टांग. मग बस आणि बघ तो कुठं जातो. पोराकडं गेला तर मला कळव, मी पाद्रींना काखेत घालून येते. कुंपणाकडं गेला तर झोप. तुझी खात्री पटली की माळ परत बांध, ती आईची रीत आहे, ती राहू दे.

मान धरत नाही म्हणतेस ते दातांमुळं असेल. मुलं मागं पडतात दात येताना. शहाळं तुमच्याकडं मिळत नाही, मक्याची पेज दे.

तुझी,
कुका


बाजारगाव, ट्रकच्या थांब्यावरून
रविवार, १० मार्च

लिंदा,

माळ काढ. काढली असशील तर परत बांधू नकोस. हे पहिलं कर आणि मग पुढचं वाच.

शुक्रवारी कोठारात उंदीर झाले म्हणून आबुंदियो काकांनी पांगाऱ्याच्या बिया कुटायला घेतल्या. पिठात कालवून ठेवतात. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "अख्खी बी गिळली तर तशीच बाहेर पडते, कवच दगडासारखं. पण फुटली, भोक पडलं, की आतलं विष निघतं. आधी सुस्ती, मग हातपाय ढिले, मग मान, मग श्वास." लिंदा, तुझं पत्र पोलक्यातच होतं. परत वाचलं. सगळं तू लिहिलं होतंस. चोखतो, चावतो. एक फुटली. सारखा झोपतो. मान धरत नाही. मी ते तुझ्या पक्ष्याच्या गोष्टीसारखंच वाचून पुढं गेले. काकांना वाचून दाखवतानासुद्धा म्हातारा हसला म्हणून रागाच्या भरात ते शेवटचं वाचलंच नाही.

आई भोक पाडायची नाही. मला आता आठवतंय, अख्खं आठवतंय. ती बिया चिंधीत घालून पुरचुंडी शिवायची आणि पुरचुंडी पाठीमागं बांधायची, तोंड पोचणार नाही अशी. मला माळ छान दिसावी असं वाटलं. मी दाभण तापवलं. मी पाडली एकवीस भोकं.

हे पत्र तुझ्या हातात पडल्याशिवाय मला श्वास येणार नाही, म्हणून काल बसनं निघाले. इथं आले तर ट्रक गुरुवारीच. तुमचा मार्सियाल बाजारात भेटला, वाळलेले पक्षी मांडून बसलेला. मी विचारलं, एर्लिंदाचं बाळ कसं आहे. म्हणाला, "शुक्रवारी पहाटे निघालो तेव्हा होतं." होतं म्हणाला. मी त्याचा दंड धरला. मग म्हणाला, "तुमच्या एर्लिंदाची सासू कागदाची फुलं कातरत बसली होती ताई, मी काही विचारलं नाही."

मातीत द्यायच्या आधी कागदाच्या फुलांचा मुकुट कोणत्या मुलांना घालतात ते मला माहीत आहे.

तो घोड्यावरून आत्ता निघतोय, घोडा एकच आहे, त्याच्याकडं हे देते. मी मागून चालत येते. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेन. तू मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल. मी कुंपणाबाहेर उभी राहीन.

कुका


सान फेलिसियानो
सोमवार, ११ मार्च, सकाळ

ताई,

मार्सियाल आत्ता आला. तुझं पत्र उभ्या उभ्याच वाचलं आणि उलट्या बाजूला लिहितेय, कागद शोधायला वेळ नाही. तो हेच घेऊन परत खाली येतोय. तो कुरकुरत होता, घोडा दमलाय म्हणून, तर सासूबाई म्हणाल्या, "घोडा दमलाय, तू तर बसूनच आलास. पक्षी मारत हिंडणारे पाय जरा माणसाच्या कामाला लाव." म्हणून तो पायी निघतोय. तू जिथं भेटशील तिथं थांब, दगडावर बस आणि वाच. नीको आहे.

नीको आहे ताई. आता सगळं सांगते.

तुझं आधीचं पत्र गुरुवारी आलं तेव्हा तो दूध ओढत नव्हता. तोंडात घेई आणि दूध ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. हात उचलला तर खाली पडे. सासूबाई कोपऱ्यात पांढरा आणि निळा कागद कातरत बसल्या होत्या. मी म्हटलं, "हे कशासाठी?" त्या म्हणाल्या, "ईस्टरला लागतात." ईस्टर महिनाभर लांब आहे. मी त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि वर छपरात खोचून ठेवली. त्यांनी दुसरी काढली.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. विश्वास बसला नाही. पण दुसरं करायला काही उरलं नव्हतं. शुक्रवारी सासूबाई गिरणीत गेल्या तेव्हा मी सगळं काढलं. टोपी काढली, मोजे, मनगटाचा दोरा, माळ, परकर, मिरच्या. दोरा काढताना वाटलं, जणू मीच त्याला जगापुढं उघडा टाकतेय. सगळं कुंपणावर टांगलं. नीकोला रोसाउराचा तोच पांढरा झगा घातला, पांढरं दुसरं काही नव्हतं घरात. घालताना काय वाटलं ते लिहीत नाही.

मग मी ओसरीत बसले. फूलचोख्या आला. आधी झोळीकडंच आला ताई. रोजच्या जागी, वीतभर लांब, उभा राहिला. माझ्या जिभेवर रक्ताची चव आली, इतकी चावली मी. तो नीकोकडं बघतोय. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आणि जसं एखाद्या घरी जेवायला जावं आणि चूलच पेटलेली नसावी तसा मागं सरला. मागं मागं उडत गेला, पाठमोरा न होता. मग कुंपण दिसलं त्याला. टोपीला चोच, मोज्याला चोच, मिरचीला, तुझ्या माळेला. काही मिळालं नाही, गेला. दुसऱ्यांदा आला तो सरळ कुंपणावर. तिसऱ्यांदा सुद्धा. झोळीकडं त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

सासूबाई परत आल्या आणि बघून किंचाळल्याच. "नागडं केलंस पोराला, दृष्टीला दिलंस." मी म्हटलं, "आई, गप्प बसा आणि इथं बसा." पहिल्यांदा त्यांना असं बोलले. त्या बसल्या. दोघी बघत बसलो. तो आला, कुंपणावर गेला. त्या म्हणाल्या, "आंधळा आहे मेला." मी म्हटलं, "नाही, भुकेला आहे." मग त्या हळूच म्हणाल्या, "माझा पहिला गेला तेव्हा पण लाल टोपी होती." मला माहीत नव्हतं त्यांचा पहिला होता म्हणून.

तू लिहिलं होतंस की खात्री पटली की माळ परत बांध. सासूबाई रोज म्हणत होत्या, बांध. मी नाही बांधली. मला विषबिष काही माहीत नव्हतं ताई. मला एवढंच वाटलं की आता तो पक्षी कुंपणावर रमलाय, माळ परत आणली तर त्याला घरात बोलावल्यासारखं होईल. त्या भीतीनं नाही बांधली. बस, तेवढ्यासाठी.

शनिवारी दुपारी त्यानं बोट धरलं. काल सकाळी दूध ओढलं, थोडं, पण गिळलं, बाहेर आलं नाही. काल संध्याकाळी मान वर केली आणि परत टाकली. आज सकाळी धरून ठेवली, मी दहा मोजले.

तुझं पत्र वाचून पहिलं माळेकडं धावलो. माळ कुंपणावरून सासूबाईंनी चिमट्यानं उचलली आणि आम्ही बिया मोजल्या. एकोणीस आहेत, चावून चावून गाठ सैल झालीय. एक मला आठवते, गुरुवारी लंगोटात निघाली होती, अख्खी, मी मक्याचा दाणा समजून फेकली. एक फुटलेली सापडत नाही. झोळी झटकली, चटई झटकली. ती कुठं गेली ते मला माहीत आहे आणि तुलाही. म्हणून अजून माझी भीती गेलेली नाही. तू येईपर्यंत मी त्याच्या छातीवरचा हात काढणार नाही, हे दुसऱ्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं.

माळ शौचाच्या खड्ड्यात टाकली. कागदाची फुलं सासूबाईंनी स्वतःच चुलीत घातली, मी सांगितलं नव्हतं.

कुंपणाबाहेर उभी राहीन म्हणतेस. माळ तू पाठवलीस ताई. ती उतरवायलाही तूच लावलीस, काय आहे ते माहीत नसताना. मी दोन्ही एकत्र धरून बसलेय, मला वेगळं करता येत नाही, तू पण करू नकोस. आत यायचं आणि आधी हात धुवायचे.

अंबाड्यातली लाल रिबीन काढून ये. कुंपणाशी आधीच दोघं भांडतायत.

आणि मार्सियाल भेटल्यावर पळत सुटू नकोस, नदीजवळची पायवाट निसरडी आहे. सावकाश ये. मोठ्या वळणावर आलीस की थांब आणि कान दे. नीको आत्ता रडायला लागलाय, भुकेनं, मोठ्यानं, सासूबाई त्याला शिव्या घालतायत. तिथपर्यंत ऐकू येईल.

एर्लिंदा